एकाहत्तर मिनिटं पस्तीस सेकंद

दवनीवाड्याच्या हर्षा मेंढेला नोकरी लागली खरी, पण ती नेमकं काय करते हे गावात कुणालाच सांगता येईना. तिच्या वर्गातल्या पोरी पुण्याला गेल्या होत्या. कुणी बँकेचं अ‍ॅप करायची, कुणी घरपोच किराण्याचं. त्यांच्या आयांचं काम सोपं होतं. मोबाईल काढायचा, बोट ठेवायचं, हे माह्या पोरीनं केलं म्हणायचं. हर्षाच्या आईला, धनवंताबाईला, बोट ठेवायला काही नव्हतं. अन् बाप केवलराम, त्याला पानठेल्यावर कुणी विचारलंच तर तो आधी घसा खाकरायचा, मग सांगायचा, "मशिनीच्या पोटात जो लहान कंप्युटर रायते ना, त्याच्याशी बोलते." अन् पुढचा प्रश्न यायच्या आत सायकलला टांग मारायचा.

केवलरामला वाटायचं आपण थाप मारली. पण उत्तर अगदी बरोबर होतं.

त्याचं मूळ कॉलेजच्या शेवटच्या वर्षात होतं. सरांनी प्रत्येकाच्या हातात काडीपेटीएवढं एक बोर्ड दिलं होतं. त्याला पडदा नाही, बटणं नाहीत, विंडोज नाही. नखाएवढी चिप अन् तिच्या शेजारी एक बारका दिवा. जे लिहायचं ते थेट त्या चिपेला, मधे कुणी दलाल नाही. हर्षानं चिपेतल्या एका ठरलेल्या घरात शून्य खोडून एक लिहिला अन् दिवा लागला. बाकीच्यांनी दिवा लावला, वहीवर सही घेतली अन् कँटीन गाठली. हर्षा मात्र तासभर तो दिवा लावत-विझवत बसली. आपण इकडे एक आकडा लिहितो अन् तिकडे तांब्याच्या तारेतून वीज धावते, एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात मावेना. लहान पोराला चालू-बंद करायला बटण सापडावं तसं तिचं झालं होतं, फक्त ह्या बटणाच्या तळाशी काय आहे हेही तिला दिसत होतं.

असलं काम गोंदियात एकाच जागी होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत दुर्गेश टेंभरे यांचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार माणसं अन् जळालेल्या बोर्डांची रास. गोंदियात राईस मिलला तोटा नाही, अन् प्रत्येक मोठ्या मिलीत तांदळातले काळे दाणे वेचणारं सॉर्टेक्सचं यंत्र असतं. यंत्र परदेशी. त्याचं बोर्ड जळलं की परदेशातून नवं यायला दोन-दोन महिने. टेंभरे सरांनी स्वतःचं बोर्ड बनवलं होतं, आणि गेली सात वर्षं ते अकरा मिलींत चालत होतं.

टेंभरे सर बोलायला सुरुवात पुस्तकी मराठीत करायचे, अर्ध्यात हिंदीत शिरायचे, अन् शेवटी हमखास विचारायचे, "पॉईंट समजला?" हे चहावाल्यालाही चुकत नसे. साखर कमी, आलं जास्त, पॉईंट समजला? हर्षाला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तीन महिने बघू. जमलं तर राहा, नाही जमलं तर मनाला लावून घ्यायचं नाही. घरी धनवंताबाईनं बी.एड.चा फॉर्म आणून देवाच्या फळीवर ठेवला होता. रोज उदबत्ती लावताना तो फॉर्म थोडासा पुढे सरकायचा.

पहिल्या आठवड्यात सरांनी तिला मिलीत नेलं अन् यंत्राची बाजूची पत्र्याची फळी काढून आत बघायला लावलं. वरून तांदूळ घसरगुंडीवरून पडत होता. दाणे दिसतच नव्हते, पांढरा पडदा सोडल्यासारखं वाटत होतं. सर कानाशी ओरडून सांगत होते. सेकंदाला चाळीस हजार दाणे. प्रत्येक दाण्याचा फोटो निघतो. काळा दिसला की तो चार बोटं खाली येईपर्यंत हवेची एक बारीक फुंकर त्या एकट्या दाण्याला बाजूला उडवते, शेजारच्याला हात न लावता. सगळं मिळून पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या विसाव्या हिश्शात.

"अन् हे ठरवतं कोण?" हर्षानं विचारलं.

सरांनी बोटानं दाखवलं. नखाएवढी चिप. तिच्या काडीपेटीवाल्या चिपेची मोठी बहीण.

हर्षा त्या दिवशी घरी जाऊन जेवायला बसली, तर ताटातल्या भाताकडे बघतच राहिली. धनवंताबाईनं विचारलं, खडा लागला का? हर्षा म्हणाली, नाही, ह्यातला एकेक दाणा कुणीतरी पाहिला असल, असं वाटून राहिलं. धनवंताबाईनं केवलरामकडे पाहिलं. केवलरामनं वरण मागितलं.

दोन महिने ती फक्त वाचत होती. सरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या ओळी, चिपेचं बाराशे पानांचं पुस्तक, परत सरांच्या ओळी. तिसऱ्या महिन्यात सरांनी तिला एक काम दिलं. कॅमेऱ्याला काळा दाणा दिसला की त्याची वेळ टिपायची, अन् त्या वेळेवरून फुंकर मारायची. सरांच्या जुन्या ओळींत ही वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपली जायची. त्यामुळे फुंकर जरा ढिली पडे, एका काळ्याबरोबर दोन-चार पांढरे दाणेही उडत. हर्षानं तीच वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात टिपायला लावली. कारखान्यातल्या चाचणीच्या लहान यंत्रावर तांदळाची दोन पोती, म्हणजे दोन कट्टे, ओतून पाहिले. वीस मिनिटांत कट्टे संपले. उडालेल्या ढिगात पांढरा दाणा जवळजवळ नव्हताच. टेंभरे सरांनी ढीग बोटानं पसरून पाहिला अन् नुसतं म्हणाले, "पॉईंट आहे." प्रश्नचिन्ह न लावता. कारखान्यातल्या चौघांनीही मान वर करून पाहिलं.

नवं बोर्ड लागलं लखन सेठच्या मिलीत, तिरोडा रोडला. लखन सेठ फोनवर हॅलो म्हणत नसत, सरळ मालावर यायचे. पहिल्या दिवशी फोन आला, "टेंभरेजी, बढ़िया." दुसऱ्या दिवशी फोन आला, "टेंभरेजी, थाली में काला बैठा है."

मिलीत दर थोड्या वेळानं तयार तांदळाची एक ताटली भरून निळ्या कागदावर पसरतात. तिच्यात काळे दाणे निघाले होते. दोन-चार नव्हे, मूठभर. हर्षा धावत गेली. तोवर टिकारामनं, म्हणजे दुपारी चारनंतरच्या पाळीच्या ऑपरेटरनं, यंत्र बंद करून चालू केलं होतं अन् सगळं ठीक होतं. ती अर्धा तास उभी राहिली. एक काळा दाणा सुटला नाही. परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा टिकारामची पाळी, अन् ती पोचेपर्यंत पुन्हा सगळं ठीक. सरांनी हवेची नळी बदलली, काच पुसली, विजेचा दाब मोजला. काहीच हाती लागेना. कारखान्यात दोन कट्टे ओतले की यंत्र अगदी गुणी पोरासारखं वागायचं.

बरं, सकाळच्या पाळीच्या ताटलीत कधीच काळं निघत नव्हतं. त्या पाळीला होते कवडू उईके. चोरखमाऱ्याच्या बाजूचे, साठीला टेकलेले. हंगामात मिलीत, बाकी वेळ घरी धानाच्या दोन बांध्या अन् एक बैलजोडी. यंत्र तेच, बोर्ड तेच, तांदूळ तोच. लखन सेठनं आपला निकाल देऊन टाकला की टिकाराम आंधळा आहे. टिकाराम म्हणे, मी आंधळा नाई, त्या बुढ्यानं मशिनीले काहीतरी मंतरलं. शेवटी सेठनं टेंभरे सरांना शनिवारपर्यंतची मुदत दिली. "नहीं तो पुराना लगाओ, और बच्ची को कहो कहीं और सीखे." सरांनी हा निरोप हर्षाला जसाच्या तसा दिला. तीन महिने त्याच शनिवारी भरत होते. वेगळं काही सांगायची गरज नव्हती.

बुधवारी सकाळी हर्षा कवडूकाकांच्या शेजारी स्टूल टाकून बसली.

काकांना हे आवडलं नाही. तासाभरानं त्यांनी तिला चहा आणायला पिटाळलं. ती आली, बसली. पुन्हा तासाभरानं म्हणाले, सेठ बोलावून राहिला तुले. ती ऑफिसात गेली तर सेठ अजून आलेच नव्हते. तिसऱ्यांदा काकांनी सांगितलं, बाहेर कोनतरी तुही गाडी हलवून राहिलं जी. हर्षा उठली, दारापर्यंत गेली, अन् कट्ट्यांच्या थप्पीमागून वळून उभी राहिली.

कवडूकाकांनी आधी वरून येणारा दाणा थांबवला. मग इकडे-तिकडे पाहिलं. मग यंत्र बंद केलं. त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला, बैलाच्या खांद्यावर ठेवावा तसा, अन् ओठ हलवत काहीतरी मोजलं. मग चालू केलं, दाणा सोडला, अन् कंबरेची पुडी काढून सुपारी-तंबाखूच्या नव्या खर्ऱ्याची चिमूट बोटांत धरली.

हर्षा समोर येऊन उभी राहिली तेव्हा चिमूट अजून बोटांतच होती.

"बंद कायले केलं, काका?"

"काई नाई जी."

"मी पाहिलं ना आत्ता."

काकांनी चिमूट आत ढकलली, वेळ काढला. "दम देलो थोडासा."

"मशिनीले?"

"तं का करू?" काका आता चिडलेच. "नांगराच्या बैलाले तासभर हाकललं का धुऱ्यावर उभं करतो ना आपन. तो बोलत नाई म्हनून का थकत नाई? पयल्या दिवशी मी दम देलो नोतो. हे बोलता बोलता चुप झालं. बंद करून दम देलो तं पुन्हा बोललं. सेठले सांगतलो तं मले म्हनते, मशीन नहीं थकती कवडू, तू थकता है. मंग मी कोनाले सांगू? तू आता सेठले नोको सांगू."

हर्षाला हसू यायला लागलं होतं, ते मधेच थांबलं. हे कवडूकाकांनी पहिल्या दिवशीच ऐकलं होतं. चार इंजिनिअर माणसं आठवडाभर नळ्या बदलत होती, अन् ज्याला ठाऊक होतं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"किती वेळानं दम देता?"

"खर्रा सरला का."

"म्हणजे किती?"

"तासाक होते. जास्त बोललो तं जास्त."

ह्या मिलीच्या सकाळच्या पाळीचं घड्याळ कवडूकाकांच्या गालात होतं. हर्षानं वही काढली. थप्पीमागून यंत्र चालू होताना घड्याळात पाहिलेली वेळ सेकंदासकट लिहिली अन् काकांना सांगितलं की ह्या खेपेला दम द्यायचा नाही, काय होते ते पाहायचं.

"मुद्दाम बैल पाडतस का?" काका म्हणाले. पण बसले.

बसून करायचं काय? कॉम्प्रेसर घोरत होता, पट्टे फडफडत होते, कोंड्याचा पंखा भणभणत होता. हर्षाला त्या गोंगाटात यंत्राचा आवाज वेगळा कळेना. काकांनी तिची वही घेतली अन् तिच्या पुठ्ठ्यावर बोटानं ठेका धरला. फट्. फट-फट्. फट्. हे आईक, म्हणाले, तं बाकीचं आपोआप मागं पडते. उकडा तांदूळ असला का दाट बोलते. हा कच्चा हाय, म्हनून विरळ. काका तोंडानंही तो आवाज इतका हुबेहूब काढत की एकदा हर्षानं यंत्राकडे वळून पाहिलं अन् काका पोट हलवत हसले. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. चाळिसाव्या मिनिटाला तिला अचानक ऐकू यायला लागलं. मोठ्या लग्नघरात आपल्या माणसाचा आवाज सापडावा तसं. फट्. फट-फट्.

अन् मग तिच्या ध्यानात आलं. त्या प्रत्येक फुंकरीमागे तिनं लिहिलेल्या ओळी होत्या. महिनाभर ती त्या पडद्यावर वाचत होती, खोडत होती, पाठ करत होती. त्यांना आवाज असतो हे तिला माहीतच नव्हतं. एक दाणा काळा, आपली ओळ धावली, फट्. दुसरा काळा, पुन्हा आपलीच ओळ, फट्. कारखान्यातल्या खोलीत बसून लिहिलेली गोष्ट इथे चाळीस हजार दाण्यांतून एकाला ओळखून बाजूला करत होती, अन् तिला कुणी शाबास म्हणेल याची वाटही बघत नव्हती.

एक तास झाला. काका चुळबुळ करायला लागले, खर्रा सरला होता. पासष्ट मिनिटं. सत्तर.

मग काकांचं बोट पुठ्ठ्यावर यायच्या आधीच हवेत थांबलं.

कॉम्प्रेसर घोरतच होता. पट्टे, पंखा, पडणारा तांदूळ, सगळं तसंच. त्यातला एकच आवाज नव्हता. हर्षानं घड्याळावर नजर टाकली, मग ताटली भरून निळ्या कागदावर उलटी केली. काळे दाणे पांढऱ्यांबरोबर निवांत बसले होते. तिनं दोन वेळांमधलं अंतर काढलं. एकाहत्तर मिनिटं अन् छत्तीस-सदतीस सेकंद. मान वळवण्यात गेलेले एक-दोन सेकंद वजा केले तर एकाहत्तर मिनिटं पस्तीस सेकंद.

तिनं वहीत गुणाकार मांडला, अन् उत्तर अर्धं लिहून व्हायच्या आतच ते तिला ओळखीचं वाटलं. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव. त्या चिपेचं घड्याळ एवढेच आकडे मोजू शकतं. त्यानंतर ते पुन्हा शून्यावर येतं. सेकंदाचे दहा लाख तुकडे करून मोजलं, की हा आकडा एकाहत्तर मिनिटं पस्तीस सेकंदांत भरतो.

अन् हर्षाच्या ओळींत एक अट होती. एकच दाणा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. आत्ताच्या दाण्याची वेळ मागच्या दाण्याच्या वेळेपेक्षा लहान असेल, तर तो जुना समज अन् सोडून दे. घड्याळ शून्यावर आलं, की नवा येणारा प्रत्येक काळा दाणा यंत्राला जुना वाटत होता. यंत्र थकलं नव्हतं की बिघडलं नव्हतं. हर्षानं सांगितलं होतं तेच ते प्रामाणिकपणे करत होतं, प्रत्येक काळ्या दाण्याला. सोडून दे, सोडून दे, सोडून दे.

तिला एकाच वेळी रडावंसं वाटलं अन् हात जोडावेसे वाटले.

काकांनी तिचा चेहरा पाहून सोपा मार्ग सुचवला. सेठले सांग, तासातासाले दम द्या लागते, कंपनीचा कायदा हाय. झालं. मी तं देऊनच राहिलो, टिकारामबी देईल. हर्षाला तो मार्ग दिसत होता, अगदी सपाट अन् सावलीचा. शनिवार निघून गेला असता. कुणाला काही कळलं नसतं. पण दर तासाला यंत्र मुकं होतं हे एकदा ऐकल्यावर ते न ऐकल्यासारखं करायचं कसं, हे तिला कळेना. तिनं काकांना यंत्राला दम देऊ दिला अन् गाडी काढली.

कारखान्यात टेंभरे सर एका बोर्डाला डाग देत बसले होते. हर्षानं बॅगही खाली ठेवली नाही.

"सर, नळी नाही, काच नाही, टिकारामभाऊ पण नाही. चूक माझी आहे."

अन् तिनं सगळं सांगितलं, खर्ऱ्यासकट. सरांनी डागणी स्टँडवर ठेवली. त्यांनी स्वतःची सात वर्षांपूर्वीची फाईल उघडली. जिला हात लावायचा नाही असं कारखान्यात प्रत्येकाला सांगितलेलं होतं, ती. खाली खाली गेले अन् एका ओळीवर थांबले. तीच अट, शब्दाला शब्द. हर्षानं ती तिथूनच उचलली होती. फरक एवढाच, की सर सेकंदाचे हजार तुकडे करत होते अन् हर्षानं दहा लाख केले.

सरांनी कॅल्क्युलेटर ओढला. बराच वेळ बटणं दाबली.

"एकोणपन्नास दिवस सतरा तास," ते म्हणाले. "माझं यंत्र एकोणपन्नास दिवस सतरा तासांनी मुकं होणार. हर्षा, आपल्याकडे एकोणपन्नास दिवस लाईन गेली नाही, असं कधी झालंय?"

"नाही, सर."

"म्हणून मी सात वर्षं हुशार."

मग ते असे हसले की पलीकडच्या खोलीतली माणसं दारात आली. सात वर्षं, अकरा मिली, अन् दर दोन-चार दिवसांनी वीज जाऊन त्यांचं घड्याळ शून्यावर आणत होती. ज्या लाईनला सगळा जिल्हा शिव्या घालतो, तिनंच टेंभरे सरांची अब्रू सांभाळली होती. चिपेतला तो मोठा थोरला आकडा अकराही मिलींत सात वर्षं दडून बसला होता अन् कुणालाही त्याचं तोंड दिसलं नव्हतं.

दुरुस्ती अर्ध्या ओळीची निघाली. कुठली वेळ लहान अन् कुठली मोठी हे विचारायचंच नाही. एकीपासून दुसरी किती पुढे आहे तेवढं विचारायचं. बारानंतर एक वाजतो, अन् एक बारापेक्षा लहान असला तरी तो नंतरचाच असतो. दवनीवाड्याच्या शाळेत हे दुसरीला शिकवतात. चिपेला ते कुणी सांगितलं नव्हतं.

तपासायला एकाहत्तर मिनिटं तांदूळ ओतत बसायची गरज नव्हती. हर्षानं चिपेचं घड्याळ शून्याऐवजी शेवटच्या आकड्याच्या एक मिनिट आधीपासून सुरू केलं. सरांनी पाहिलं अन् विचारलं, हे कुणी शिकवलं?

"कुणी नाही, सर. बारा वाजताना पाहायचं आहे, तर काटा आधीच बाराजवळ नेऊन ठेवला."

एक मिनिट झालं. यंत्र बोलतच राहिलं.

शनिवारी मिलीत सगळे जमले. लखन सेठ खुर्ची टाकून, हातात घड्याळ. टेंभरे सर उभे. टिकाराम पाळीच्या आधीच आलेला, आपण आंधळे नाही हे बघायला. कवडूकाका स्टुलावर, गालात खर्रा. ह्या खेपेला काटा कुठे पुढे सरकवला नव्हता. पूर्ण वेळ बसायचं होतं. सेठनं दोनदा विचारलं, और कितना? तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, कारण काका वहीच्या पुठ्ठ्यावर ठेका धरून बसले होते अन् हळूहळू टिकाराम, मग सरही त्या ठेक्याकडे कान लावून बसले होते. मालक अन् मजूर एकाच आवाजासाठी गप्प बसलेत, असं त्या मिलीनं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

सत्तर मिनिटं. काकांचा उजवा हात आपसूक बटणाकडे गेला. त्यांनीच तो परत मांडीवर आणून ठेवला.

एकाहत्तर. हर्षानं डोळे मिटले. पस्तीस सेकंद कधी झाले ते तिनं पाहिलंच नाही. कुठेतरी त्या आकड्यांच्या माळेतला शेवटचा मणी गेला, घड्याळ शून्यावर आलं, अन् तिला फक्त एवढंच ऐकू आलं. फट्. फट-फट्. फट्.

"बोलून राहिलं," कवडूकाका म्हणाले.

टिकारामनं ताटली उलटी केली. निळ्या कागदावर सगळं पांढरं. सेठ वाकले, चष्मा वर केला, खाली केला, एक दाणा उचलून उजेडात धरला अन् परत ठेवला. मग सरांना विचारलं, "बच्ची ने बनाया?"

"बच्ची ने बिगाड़ा, बच्ची ने बनाया," सर म्हणाले. "आधा तो मेरा ही बिगाड़ा हुआ था."

सेठला यातलं किती कळलं कोण जाणे. पण जाता जाता ते कवडूकाकांसमोर क्षणभर थांबले, काहीतरी म्हणायचं होतं, मग नुसतं "चाय पिओ" म्हणून गेले.

सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून हर्षाला दिला. त्यांच्याच अक्षरात उरलेल्या दहा मिलींची नावं होती. प्रत्येकीत जुनी अट बसलेली होती, आपल्या एकोणपन्नासाव्या दिवसाची वाट बघत.

"ती फाईल आता तू उघडायची. दुरुस्त कर अन् एकेक बोर्ड बदलत ये. सोमवारी तिरोड्यापासून. पॉईंट समजला?"

तीन महिने भरले हे कुणी बोललं नाही. हर्षानं कागद पुन्हा घडी घालून वहीत ठेवला अन् म्हणाली, "समजला, सर."

सगळे पांगले. हर्षा वही घ्यायला मागे आली तेव्हा कवडूकाकांनी तिला विचारलं, "मंग आता थकत नाई का हे?"

"थकत नव्हतंच, काका. मी त्याले चुकीचं सांगून ठेवलं होतं."

काकांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. हर्षा गाडीपर्यंत गेली अन् सवयीनं कान मागे लावला. आत दाणा पडायचा थांबला. मग यंत्र बंद झालं. तिला दिसत नव्हतं, पण तळहात पत्र्यावर आहे अन् ओठ हलताहेत हे तिला ठाऊक होतं. तिनं चावी तशीच हातात धरली अन् थांबली. थोड्या वेळानं आतून पुन्हा ऐकू आलं, एक, मग दोन, मग सलग. तेव्हा तिनं गाडीला किक मारली.